गप्प बसलेल्यांचे आकडे

वहिनी रस्ता ओलांडत होती आणि तिच्या खांद्यावर एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची होती, उलटी, चारी पाय आभाळाकडे. बस सिग्नलला थांबली होती. आत खिडकीशी बसलेल्या त्यानं आधी खुर्ची पाहिली आणि मग खुर्चीखालची वहिनी ओळखली. पाहुण्यांना बसायला देतात तसली ती खुर्ची नव्हती. बैठकीला पाणी निथळायला भोकं होती, पायांना रबरी टोप्या होत्या, दोन्ही बाजूंना धरायला दांडे होते. ज्याला उभं राहून अंघोळ करता येत नाही त्याच्यासाठी न्हाणीघरात ठेवतात तसली. रंगारी शिडी घेऊन चालतो तितक्या सहज वहिनी ती घेऊन चालली होती. मधेच एका सायकलवाल्याला तिनं मोकळ्या हातानं थोपवलं, आणि बसमधून बघताना त्याला वाटलं, ही बाई असली ओझी वाहायला सरावलेली दिसते, कधीपासून? काच बंद होती. त्यानं हाक मारली नाही. बस हलली, वहिनी मागे पडली, आणि गर्दीच्या डोक्यांवरून नुसते खुर्चीचे चार पाय काही वेळ चालत राहिले, एखादं जनावर पाठीवर पडून पाण्यातून वाहत जावं तसे. मग तेही दिसेनासे झाले.

रविवारी फोनवर वहिनी म्हणाली होती, "ते होय? ते खाली फिरायला गेलेत, भावजी. एकदम बरे आहेत." तेव्हापासून दादा त्याच्या डोक्यात फिरत होता. दादाच्या इमारतीखाली एक लहानशी बाग आहे, तिला विटांची कडा आहे, त्या कडेकडेनं हात मागे बांधून, पोहणाऱ्या माणसाची रुंद पाठ किंचित डोलवत दादा गेले चार-पाच दिवस न थांबता चालला होता. ऊन आलं, गेलं, तो चाललाच होता. त्याला कुणी वर बोलावलं नाही, तो दमला नाही. आता बसमध्ये बसल्या बसल्या त्यानं दादाला त्या कडेवरून उचलायचा प्रयत्न केला आणि ते जमेना. खुर्ची एकीकडे, चालणारा दादा एकीकडे. दोन्ही खरं असू शकतं, तो स्वतःशी म्हणाला. माणूस खाली फिरून येतो आणि वर येऊन बसून अंघोळ करतो. पुष्कळ लोक करतात. गेल्या आठवड्यात अंघोळ करताना, कपडे घालताना तुम्हाला कुणाची मदत घ्यावी लागली का? अजिबात नाही. थोडीशी. बरीच. खूप. कृपया एकाच उत्तरावर खूण करा.

हा प्रश्न त्याचा नव्हता, प्रश्नावलीचा होता. पण इतकी वर्षं रोज डोळ्यांखालून गेल्यानं ते प्रश्न त्याच्यात एखाद्या भाडेकरूसारखे राहायला आले होते, आणि वेळीअवेळी आतून दार उघडून बोलत. जिना चढताना धाप लागते का? रात्री झोप लागली का? भूक? आपण घरच्यांवर ओझं आहोत असं वाटलं का? प्रश्नावलीच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत 'जीवनाची गुणवत्ता' असं छापलेलं होतं. त्याची बायको एकदा ते वाचून म्हणाली होती, "गुणपत्रिका देणार का रे तुम्ही त्यांना? जगण्यात शंभरपैकी बासष्ट?" ती चेष्टेत म्हणाली, पण ते तसंच होतं. सगळी उत्तरं एकत्र करून शून्य ते शंभर असाच आकडा काढत. तो आकडा काढणारा माणूस म्हणजे तो. रुग्णालयाच्या संशोधन विभागात त्याला सगळे आकडेबुवा म्हणत.

वरच्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीला एक खिडकी होती, पण तो बहुतेक वेळ दुसऱ्याच खिडक्यांकडे बघत बसे. पडद्यावर प्रत्येक रुग्णाची एक आडवी ओळ. प्रत्येक भेटीचा एक उभा रकाना. ज्यानं प्रश्नावली भरून दिली त्याची चौकट रंगीत, नाही दिली त्याची पांढरी. डावीकडे सगळं रंगीत होतं. पहिल्या भेटीला सगळे येतात, नवे कपडे घालून, घरातलं कुणीतरी सोबत घेऊन, पेनसुद्धा स्वतःचं आणतात. उजवीकडे सरकावं तसे पांढरे तुकडे वाढत जात. लांबून बघितलं की संध्याकाळच्या एखाद्या इमारतीसारखं दिसे, आधी सगळीकडे दिवे आणि मग एकेक खोली विझत गेलेली. त्यातल्या काही चौकटी मेलेल्या माणसांच्या होत्या, त्या वेगळ्या, त्यांना करडा रंग दिलेला. पांढऱ्या चौकटीतली माणसं जिवंत होती. जिवंत होती आणि मूग गिळून बसली होती. त्याचं सगळं काम या पांढऱ्यांशी होतं. ज्याची चाचणी चालली होती ते औषध फुफ्फुसाच्या कर्करोगाचं होतं आणि त्यानं आयुष्य वाढत नव्हतं, निदान सांगण्यासारखं वाढत नव्हतं. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच होतं की जे काही उरतं ते या औषधावर बरं जातं. म्हणजे सगळी भिस्त उत्तरांवर. आणि उत्तरंच जागोजागी नव्हती. कुणाला नवं औषध मिळालं आणि कुणाला जुनं, हे अजून पाकिटात बंद होतं, त्यालाही ठाऊक नव्हतं. पाकीट फोडायच्या आधी पांढऱ्या चौकटींत काय धरायचं ते लिहून त्याखाली सही करायची, हा नियम. एकदा फोडल्यावर मग कुणीही सोयीचं धरील. सही आज दुपारी होती.

काय धरायचं? फार पूर्वी, तो नवा असताना, एक सोपी पद्धत चाले. माणूस शेवटचं जे बोलला तेच पुढे ओढायचं. मे महिन्यात 'थोडंसं' म्हणाला आणि मग गप्प झाला, तर जूनमध्येही थोडंसं, जुलैमध्येही थोडंसं, सप्टेंबरमध्ये तो उठून बसू शकत नसला तरी थोडंसंच. नव्या लोकांना शिकवताना तो या पद्धतीची खिल्ली उडवी. म्हणे, "हे म्हणजे स्टेशनवर निरोप देताना माणूस हसत होता, म्हणून तो आयुष्यभर हसतच असेल असं धरणं." मुलं हसत. तोही हसे. फळा पुसून घरी जाई, आणि रविवार आला की दादाला फोन करी.

स्वतःच्या आजाराचं कळलं तेव्हा दादा म्हणाला होता, "बघायला वगैरे येत बसू नकोस. तू तोंड पाडून बसणार आणि मला तुझं तोंड बघावं लागणार. फोन कर. फोनवर मी हँडसम आहे." त्यानं ते मान्य केलं. इतकं चटकन मान्य केलं की दादाही क्षणभर गप्प झाला होता, हे त्याला आता बसमधून उतरताना, जिना चढताना, खुर्चीत बसताना पुन्हा पुन्हा ऐकू आलं, ती फोनवरची छोटी शांतता. मग रविवार सुरू झाले. पहिल्या रविवारी दादा म्हणाला, "मस्त!" दुसऱ्या रविवारी म्हणाला, "मस्त रे, तुझं काय?" तिसऱ्या रविवारी म्हणाला, "मस्त." मधल्या एका रविवारी दादा म्हणाला,

 

आणि त्यानंतर वहिनी फोन उचलू लागली. ते अंघोळीला गेलेत. ते झोपलेत. त्यांचा आत्ताच डोळा लागलाय. ते खाली गेलेत. कारणं चांगली होती, प्रत्येक कारणात एक चालता-फिरता दादा होता, आणि तो प्रत्येक वेळी "बरं, मग सांग त्याला," म्हणून फोन ठेवी तेव्हा त्याच्या कानात ते शेवटचं मस्तच वाजत राही. आकडेबुवानं दादाचं मस्त ओढत ओढत इथवर आणलं होतं. त्याला हे आत्ता दिसलं असं नाही. दिसलं होतं, आधीही दिसलं होतं, पण बघितलेली गोष्ट पुन्हा खाली बुडवून ठेवता येते, हात आखडेपर्यंत.

बुडणं म्हटलं की तलाव. दादा जलतरण तलावावर पोहायला शिकवी, शहरातली निम्मी पोरं त्यानं पाण्यात ढकलली असतील. निळ्या फरशा, औषधाचा वास, भिंतीवरून परतून येणारे पोरांचे आवाज, जणू सगळे आवाज ओले झालेत. शिकवणी संपली की दादा म्हणे, "मोज," आणि श्वास भरून खाली जाई. पाणी आधी हलायचं, मग सावरायचं, मग दादा कुठे गेला याचा ताकास तूर लागू द्यायचं नाही. वरती छताच्या काचांचं प्रतिबिंब स्थिर. तो काठावर उभा राहून मोजत असे आणि एका आकड्याशी आला की त्याचा आवाजच बसे. पुढचा आकडा तोंडातून निघतच नसे. निघाला तर दादा त्या आकड्याच्याही खाली असेल या भीतीनं. मग तो नुसता पाण्याकडे बघत राही, आणि दादा कुठल्यातरी भलत्याच टोकाला वर येई, डोळे लाल, छाती भात्यासारखी. "किती?" आणि तो जिथे थांबला होता तोच आकडा सांगे. दादा म्हणे, "एवढेच? छ्या! मला तर वाटलं मी तिथे खाली संसार थाटला." प्रत्येक वेळी तेवढेच. दादा वर्षभर सराव करत राहिला आणि त्याचा आकडा कधी वाढला नाही. गेल्या आठवड्यात तुम्हाला श्वास घेताना त्रास झाला का?

बैठकीच्या खोलीत चहा येऊन गार झाला होता. लांब टेबलाच्या टोकाला डॉक्टर, चाचणीचे प्रमुख, चष्मा कपाळावर. त्यांच्या शेजारी औषध कंपनीच्या बाई, समोर मसुद्याची प्रत, पिवळ्या चिठ्ठ्यांनी भरलेली. आणि खिडकीशी सिस्टर, जी रुग्णांना फोन करून प्रश्नावल्या गोळा करी.

"या, आकडेबुवा," डॉक्टर म्हणाले. "आजचा दिवस तुमचा. सही ठोका, म्हणजे आम्ही सुटलो."

"मसुदा आम्ही वाचलाय," कंपनीच्या बाई म्हणाल्या. "छान आहे. सगळं नेहमीसारखंच आहे ना?"

"नेहमीसारखंच आहे," तो म्हणाला. "आज सकाळपर्यंत मलाही छान वाटत होतं."

"झालं!" सिस्टर म्हणाली. "आज जेवण चुकणार."

मसुद्यात त्यानंच लिहिलं होतं: जे गप्प आहेत ते त्यांच्यासारख्या बोलणाऱ्यांसारखेच आहेत असं मानलं जाईल. वय तेवढंच, आजार तेवढाच, आधीची उत्तरं तशीच, मग आताचं उत्तरही त्यांच्यासारखं. शेवटचं उत्तर पुढे ओढण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं होतं. पण एका गृहीतावर उभं होतं, की माणूस गप्प का झाला याचा तो कसा आहे याच्याशी संबंध नाही. प्रश्नावली टपालात हरवली. सिस्टर रजेवर होती. त्यानं कारणांचा रकाना उघडून पडद्यावर दाखवला. वरपासून खालपर्यंत एकच: कार्यालयीन अडचण, कार्यालयीन अडचण, कार्यालयीन अडचण.

"सिस्टर, एवढ्या अडचणी आहेत आपल्या कार्यालयात?"

सिस्टर मोकळी हसली. "यादीत पहिलं तेच येतं की हो. दुसरं काही टाकलं की तुमचं मशीन मला उलटं विचारतं. कोण म्हणतं? कशावरून? पुरावा जोडा. एकदा मी बिचारीनं 'रुग्णाला उठवत नाही' असं लिहिलं, तर आठवडाभर पिच्छा सोडला नाही त्यानं. तेव्हापासून कानाला खडा. सगळ्यांनाच पहिलं टाकते."

"ती यादी मी केली होती," तो म्हणाला. "उलटे प्रश्नसुद्धा मीच घातले."

"मग हा घरचाच आहेर!"

डॉक्टर हसले. त्यालाही हसू आलं, आणि हसता हसता त्यानं विचारलं, "फोन केल्यावर उचलतं कोण?"

"कोण म्हणजे? नवरा, बायको, नाहीतर सून. म्हणतात, झोपलेत. म्हणतात, बरे आहेत, तुम्हीच टाका काहीतरी. मी म्हणते, असं नाही चालत बाई, त्यांच्या तोंडून पाहिजे. मग म्हणतात, उद्या करा." सिस्टरनं गार चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "माझाही स्वभाव असा की उद्या करायला मलाही बरं वाटतं."

मग कुणीतरी काहीतरी बोलत होतं, मुदतीबद्दल, पण त्याच्यासमोर पांढऱ्या चौकटी एकेक करून उघडू लागल्या होत्या. त्याच्या पद्धतीत एका रिकाम्या चौकटीत एक उत्तर भरत नाहीत. वीस वेळा भरतात, दरवेळी थोडं वेगळं, शक्य वाटेल असं, आणि वीस पुरे संच तयार करतात. कारण एकच भरलं तर आपल्याला ते खरंच माहीत असल्यासारखं वाटू लागतं. पहिल्या संचात दादा खुर्चीवर बसून अंघोळ करतोय आणि वहिनी बाहेरून विचारतेय, झालं का हो, आणि तो गातोय. तिसऱ्या संचात खुर्ची दादासाठी नाहीच, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंसाठी आहे, वहिनी परोपकारी आहे. चौथ्यात दादा भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत येतो आणि तिथून परत फिरतो. सातव्या संचात तो फोनची घंटा ऐकतो आणि वहिनीकडे नुसता बघतो. नवव्यात दादाला त्याचा राग आलाय. अकराव्यात दादाला तो आठवतसुद्धा नाही, औषधांच्या गुंगीत तलावावरच्या पोरांना हाका मारतोय, एकेकाला, ढकललेल्या क्रमानं. बाराव्या संचात दादा विटांच्या कडेवरून चालायला खरंच गेलाय, आणि बागेत बसलाय, आणि वर चढता येत नाही म्हणून बसूनच राहिलाय. सोळावा संच:

पंधराव्यात आणि सोळाव्यात काहीच भरलं गेलं नाही. यंत्र तसं करत नाही. तो करत होता.

"आकडेबुवा?" डॉक्टर म्हणाले. "झोपलात काय?"

"मला एक कलम घालायचंय," तो म्हणाला. आणि त्यानं सांगितलं. आधी रिकाम्या जागा भरू, मसुद्यात आहे तशाच. मग जे गप्प होते त्यांची भरलेली उत्तरं थोडी खाली ढकलू. म्हणजे असं धरू की ते बोलणाऱ्यांपेक्षा जरा जास्त वाईट आहेत. मग आणखी खाली. आणखी. आणि बघत राहू, नेमकं किती वाईट धरलं की औषध चांगलं आहे हा आपला निष्कर्ष कोसळतो. तो उलटण्याचा बिंदू अहवालात छापू.

कंपनीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही त्यांना मुद्दाम आजारी पाडणार?"

"आजारी ते आहेतच, बाई."

"आणि थोडं ढकलल्याबरोबर कोसळला तर?"

"तर तसं लिहू. थोडं ढकलल्याबरोबर कोसळला."

बाई डॉक्टरांकडे वळल्या. डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, पण पडद्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "माझ्याकडे जे कागद भरून आणतात ना, ते सगळे मला चेहऱ्यानं माहीत आहेत. कारण ते चालत येतात." मग टेबलावर बोटं वाजवली. "घाला कलम."

"मला वर विचारावं लागेल," बाई म्हणाल्या, आणि फोन घेऊन बाहेर गेल्या. काचेपलीकडे त्या येरझारा घालताना दिसत होत्या, तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. परत येऊन म्हणाल्या, परिशिष्टात चालेल. तो म्हणाला, परिशिष्ट कोण वाचतं? त्या म्हणाल्या, म्हणूनच तर. सिस्टरनं पदर तोंडाला लावला. शेवटी बाईंनी एक पिवळी चिठ्ठी काढून चुरगळली आणि म्हणाल्या, "बरं, मुख्य भागात. तुम्ही आज काय खाऊन आलात?" त्यानं सही केली. सही करताना हात अजिबात थरथरला नाही, आणि याचंच त्याला नवल वाटलं. इतक्या अनोळखी माणसांसाठी इतका धीट हात.

बाहेर ऊन उतरतीला लागलं होतं. तो बसच्या थांब्यावर गेला नाही, चालू लागला. दुकानांच्या काचांमधून त्याच्यासोबत एक माणूस चालत होता, थोडा पोक काढून. त्यानं मनात आता तेच कलम दादावर लावून बघायला घेतलं. निष्कर्ष: जायला नको. ठीक. दादाला थोडं खाली ढकल. दादा जरा थकलेला आहे. तर थकलेल्याला कशाला त्रास द्या, पुढच्या रविवारी बघू. निष्कर्ष कायम. आणखी खाली. दादाला जिना उतरवत नाही. तर त्याला कुणी तसं बघितलेलं आवडणार नाही, तो म्हणालाच होता. कायम. आणखी. दादाला उठवत नाही. तर वहिनीची धांदल असेल, त्यात आणि आपण. कायम. आणखी. दादा ओळखत नाही. तर मग जाऊन तरी काय. तो एका झाडाखाली थांबला. त्यानं दादाला पार तळाशी नेलं, निळ्या फरशांना पाठ टेकेपर्यंत नेलं, आणि निष्कर्ष उलटला नाही. कुठेच उलटत नव्हता. प्रत्येक पायरीवर न जायला एक चांगलं, समजूतदार, मायेचं कारण तयार होतं. हे त्याच्या धंद्यातलं अगदी पहिलं शिक्षण: कितीही वाईट धरा, जो निष्कर्ष हलत नाही, तो आकड्यांवर उभाच नसतो. तो आधीच ठरलेला असतो. तुम्ही नुसतं खाली आकडे रचलेले असता.

एक बाई झाडाखालून जाताना म्हणाली, "बरं वाटत नाही का तुम्हाला?" आणि त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "मस्त." बाई पुढे गेली. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. किती सोपं होतं. शब्द कुठून आला तेही कळलं नाही, आतून कुणीतरी कडी लावून घ्यावी तसा आला. मग त्याचे पाय दादाच्या गल्लीकडे वळले होते. त्यानं काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. उलट, प्रथमच काही न ठरवता तो कुठेतरी निघाला होता. फोन खिशात होता, येतोय म्हणून कळवावं असं वाटलं, आणि कळवलं तर उत्तर काय येईल तेही कळलं. त्यानं फोन बंद केला. इमारतीखालच्या बागेला विटांची कडा होती, कडेवर कुणी नव्हतं, एक मांजर पाय चाटत होतं. जिन्यात भिंतीचा रंग एका बाजूला हाताच्या उंचीवर झिजलेला होता. त्यानं तिथं हात लावला नाही.

वहिनीनं दार उघडलं. बाह्या वर सारलेल्या, हात ओले. "अगंबाई, भावजी! फोन नाही, काही नाही!"

"दादा?"

"झोपलेत," ती म्हणाली.

आतून खोकला आला. लांबलचक, मधे थांबून पुन्हा सुरू होणारा. दोघंही तो संपेपर्यंत उभे राहिले, एखादी मिरवणूक जाऊ द्यावी तसे. मग वहिनी हसू लागली आणि हसतानाच तिचे डोळे भरले. "ते असा हात करतात हो फोन वाजला की," तिनं ओला हात हवेत झटकला, माशी हाकलावी तसा. "मग मी काय सांगू? रोज नवीन काय सांगू? मला सुचेनासं झालंय."

"मला खाली फिरायला गेलेत म्हणालीस."

"ते मलाच आवडलं होतं," वहिनी म्हणाली. "म्हणून सांगितलं."

खोलीत पडदे ओढलेले होते आणि त्यातून येणारा उजेड पाण्याखालच्यासारखा होता. पलंगावर जो होता तो वीस संचांतल्या एकाही संचात नव्हता. त्यानं दादाला वाईट धरलं होतं, फार वाईट धरलं होतं, पण प्रत्येक वेळी दादाचे खांदे तसेच ठेवले होते. ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. इथे खांदे नव्हते. हँगरवर सदरा टांगावा तसा माणूस उशीला टांगलेला होता, आणि त्यात दादाचे डोळे होते, लालसर, अगदी जागे, त्याच्याकडे बघणारे.

"कुणी चुगली केली?" दादा म्हणाला. आवाज लहान झाला होता, पण टोचणी तीच.

"कुणी नाही."

"मग तू कसा उगवलास?"

"आलो."

"बस." दादानं हनुवटीनं पलंगाची कड दाखवली. तो बसला. गादी हलल्याबरोबर दादाचा चेहरा आवळला आणि पुन्हा सैल झाला. इतक्या झटक्यात झालं की बघितलं नाही असं म्हणायला पुरेशी सोय होती. "काय बघतोस? कसा दिसतोय मी?"

"बरे दिसताय की आज," दारातून वहिनी म्हणाली. "सकाळपेक्षा तर कितीतरी—"

"तुला नाही विचारलं. याला विचारतोय. शिकलेला आहे."

पडदा किंचित फुगला आणि बसला. बाहेर कुणीतरी गाडीचं दार आपटलं. त्याच्या जिभेवर तो शब्द तयार होता, झाडाखाली आला होता तोच, गुळगुळीत, दोघांच्याही उपयोगाचा. त्यानं तो येऊ दिला आणि मग गिळला.

"वाईट दिसतोस," तो म्हणाला.

वहिनीचा श्वास ऐकू आला. मग पलंग हलू लागला, आणि त्याला वाटलं आता पुन्हा खोकला. पण दादा हसत होता, आवाज न करता, पोटातल्या पोटात, एक हात बरगड्यांवर दाबून. "ऐकलंस का गं?" तो म्हणाला. "सहा महिन्यांत पहिला माणूस." डोळ्यांतून पाणी येऊन कानाकडे ओघळत होतं, ते पुसायला त्यानं हात उचलला नाही. हसणं ओसरलं तेव्हा तो छताकडे बघत म्हणाला, "थकलो रे मी. बरा असून असून थकलो."

"दुखतं?"

"दुखतं म्हणजे काय."

"कुठे?"

"सगळं सांगू?" दादानं मान वळवून त्याच्याकडे नीट बघितलं, विद्यार्थ्याला पाण्यात सोडायच्या आधी बघे तसं नव्हे, उलट, आपणच स्वतःला कुणाच्या तरी भरवशावर पाण्यात सोडतोय तसं. "वेळ लागेल हं. आणि मधे तू 'होईल बरं' म्हणायचं नाहीस."

"नाही म्हणत."

वहिनी आत गेली. आतून गॅसचं बटण फिरवल्याचा आवाज आला, मग नळ बंद केल्याचा. ती चहा घेऊन येईल असं त्याला वाटलं, पण ती रिकाम्या हातांनी आली आणि पलंगाच्या पायथ्याशी बसली, परक्या घरी बसावं तशी अवघडून. "मला म्हणालात, पाठ तेवढी दुखते," ती हळू म्हणाली.

"तुला तसं म्हणालो होतो," दादा म्हणाला.

त्यानं पांघरूण बाजूला करायला घेतलं. ते त्याच्या हातून सरकेना. दोघंही मदतीला पुढे झाले आणि दोघंही थांबले, कारण त्यानं नजरेनंच थांबा म्हटलं. खोलीतला उजेड जरा खाली आला होता. हळूहळू, स्वतःच, त्यानं पांघरूण पायांवरून गुडघ्यापर्यंत वर ओढलं, उजव्या पायाची बोटं दाखवली, आणि म्हणाला, "हे बघा, इथून सुरू होतं."